शॅननला उतरलेली वंशावळ

१ जून १९८४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे विमान आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर उतरले. दोन दिवसांनी ते टिपररी परगण्यातल्या बॅलीपोरीन या चिमुकल्या गावी गेले. तिथल्या चर्चच्या वहीत १८२९ सालच्या एका बाप्तिस्म्याची नोंद आहे. मायकेल नावाचे ते बाळ म्हणजे रेगन यांचे पणजोबा. वर्ष निवडणुकीचे होते, त्यामुळे पूर्वजांची आठवण जरा जोरात आली असेल. नोंद मात्र खरी.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या यूटा राज्यात मॉर्मन चर्चने वंशावळ ठेवण्याचा एक प्रोग्रॅम काढला आणि एका संगणकावरची वंशावळ दुसऱ्यावर नेता यावी म्हणून ‘जेडकॉम’ नावाची फाइलची पद्धत आखली. फाइल अगदी साधी. प्रत्येक ओळीला पातळीचा आकडा आणि एक खूण असते: नाव, जन्म, ठिकाण, पुरावा. या रकान्यांत न मावणारे सगळे ‘टीप’ या खुणेखाली जाते. आजोबा घर सोडून का गेले, हे तिथे.

शॅनन ज्या क्लेअर परगण्यात आहे, तिथे वंशावळ राखण्याचे काम पूर्वी नेमलेली माणसे करत. ओ’ब्रायन सरदारांच्या पदरी मॅक्‌ब्रोडी घराण्याकडे इतिहास सांगण्याचे वतनच होते. मायकेल ओ’क्लेरी या संन्याशाने आपल्या साथीदारांसह आयर्लंडची मोठी बखर पुरी केली, तेव्हा १६३६ मध्ये ती क्लेअरला नेऊन कॉनर मॅक्‌ब्रोडी यांची संमती घेतली. त्यांच्या लेखी वंश आणि गोष्ट वेगळे नव्हते. आजचे प्रोग्रॅम टिपा गाळून अहवाल छापतात, तेव्हा जन्मला, लग्न झाले, वारला एवढेच उरते. असला मजकूर स्वतःच्या घराण्याचा असूनही वाचवत नाही.

१८४१ मध्ये क्लेअरची वस्ती सुमारे २ लाख ८६ हजार होती. बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१ मध्ये, ती २ लाख १२ हजारांवर आली. मेले ते मेले, उरलेल्यांतले कित्येक जहाजाने निघून गेले. त्यांची पणतवंडे शंभर वर्षांनी विमानाने परतू लागली आणि अटलांटिक ओलांडल्यावर त्यांचे पहिले पाऊल बहुधा शॅननलाच पडे. खिशात चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव: पॅट्रिक.

पण पॅट्रिक कोणता? पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, अशी तिथली रीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी घरांना हा घोळ सांगायला नको. त्यात कागदही फारसे उरलेले नाहीत. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले दप्तर जळाले, त्यात १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांची बहुतेक पाने गेली. त्यानंतरच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. संपूर्ण शिल्लक आहेत त्यांत सर्वांत जुनी १९०१ ची.

म्हणून तिथला जाणता शोधक नावापेक्षा ‘टाउनलँड’ विचारतो. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा लहान तुकडा. देशभर असे सुमारे ६१ हजार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची आकारणी केली, ती याच तुकड्यांनुसार. त्यामुळे कोणत्या तुकड्यात कोण राहत होते, ते आजही सापडते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये बही उघडण्याआधी ‘मूळ गाव कोणते?’ असे विचारतात, तेही याच हिशेबाने. नातलगांविषयी लिहिणाऱ्याने प्रोग्रॅममध्ये ठिकाणाचा रकाना आधी नीट भरावा, हे यातून निघते: एकाच वाडीतली चार कुटुंबे एकत्र दिसली की कोण कोणाचा साक्षीदार झाला, लग्न शेजारच्याच घरी कसे ठरले, ते आपोआप कळू लागते.

एका बाबतीत आयरिश वही आपल्या कुलवृत्तांतापेक्षा उदार आहे. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव सहसा लिहिलेले असते. आपल्याकडे लग्नात सुनेचे पहिले नावसुद्धा बदलले जाई, त्यामुळे तिच्यासाठी प्रोग्रॅममध्ये दोन नावांची सोय लागते आणि पहिले नाव विचारायला माहेरचे कुणीतरी हयात असावे लागते.

गंमत अशी, की सगळ्यांची मुळे शोधायला जिथे विमाने उतरतात, त्या शॅनन गावाला स्वतःचे जुने घराणे नाही. खाडीकाठच्या रिनियाना इथल्या दलदलीवर आधी विमानतळ झाला, १९५९ मध्ये करमुक्त उद्योगक्षेत्र आले आणि १९६० नंतर कामगारांसाठी गाव वसले. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या दंगलींतून पळालेली कुटुंबे आली, १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीतूनही काही आली. इथल्या काही घरांची वंशावळ दोन पिढ्या मागे गेली की बेलफास्टला पोचते, नाहीतर थेट दक्षिण अमेरिकेला. आणि प्रसूतिगृह लिमरिकला असल्याने आज शॅननमध्ये वाढणाऱ्या बहुतेक मुलांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात लिमरिक येते. शॅनन लिहायचे ते टिपेत.