समुद्रापलीकडचे जेवण : १८८० च्या दशकातील तीन भारतीय विद्यार्थी

प्रस्तावना

परदेशी शिकायला गेलेल्या माणसाच्या पत्रांत हवामान, घरभाडे आणि जेवण हे तीन विषय हमखास येतात. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र पदव्या आणि भाषणे येतात, जेवण येत नाही. या पाठात आपण १८८३ ते १८९१ या काळात परदेशात राहिलेल्या तिघांच्या ताटाकडे पाहणार आहोत : अमेरिकेत वैद्यक शिकलेल्या आनंदीबाई जोशी, इंग्लंडमध्ये राहिलेल्या पंडिता रमाबाई आणि लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले मोहनदास गांधी. तिघेही शाकाहारी होते आणि परदेशातही तसेच राहिले. तरीही तिघांचे अनुभव फार वेगळे आहेत. ते का, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

घरून निघण्यापूर्वीची अट

त्या काळी समुद्र ओलांडणे हेच उच्चवर्णीय हिंदूंमध्ये निषिद्ध मानले जाई. बोटीवर सोवळेओवळे पाळता येत नाही, कोणी शिजवले आणि कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले याचा हिशोब राहत नाही, ही त्यामागची मोठी तक्रार होती. म्हणजे समुद्रोल्लंघनाचा वाद बऱ्याच अंशी अन्नपाण्याचाच वाद होता. त्यासाठी समुद्रापार जायलाही लागत नसे. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. पुण्यात घेतलेल्या एका कप चहाची ही कथा, तर लंडनच्या जेवणाची काय असेल?

म्हणून परदेशी जाणाऱ्याला आधी घरच्यांची खात्री पटवावी लागे. आनंदीबाईंनी ती जाहीरपणे पटवली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत भाषण केले. लोक जे प्रश्न विचारत होते ते एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. परत आल्यावर तुम्हाला वाळीत टाकणार नाहीत का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की रीतिभाती, अन्न आणि पोशाख यांत मी काहीच बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या.

गांधींचे वचन घरातले होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही, अशी शपथ त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समोर घेतली आणि मगच आईने परवानगी दिली. जातीला मात्र ते पुरले नाही. मुंबईतल्या मोढ वाण्यांच्या शेटने त्यांना जातीबाहेर काढले आणि जो त्यांना मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून निघाले.

लंडन : भुकेपासून खानावळीपर्यंत

बोटीवर कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायला गांधींना लाज वाटे. त्यामुळे ते जेवणघरात न जाता खोलीतच, घरून आणलेली मिठाई आणि फळे खात. लंडनमध्येही सुरुवातीचे दिवस असेच गेले. ज्या घरी ते राहत तिथे सकाळी ओटची लापशी मिळे आणि तिने पोट भरे. दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा असे. पावाचे दोन-तीन तुकडे झाल्यावर आणखी मागायचा संकोच होई. मसाल्याविना उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नसत. मित्र समजावत होते, की अशिक्षित आईला परिस्थिती न कळता दिलेल्या वचनाला काय अर्थ? गांधींचे म्हणणे एवढेच होते की वचन ते वचन.

पुढे ते रोज दहा-बारा मैल चालून शाकाहारी खानावळ शोधू लागले. फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली. दाराशीच विकायला ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांनी एक शिलिंगला घेतले आणि आत जाऊन, इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदा, पोटभर जेवले. त्या पुस्तकाने एक मोठा बदल झाला. तोवर ते वचनापोटी शाकाहारी होते, आता विचाराने झाले. मग घरून येणारे मसाले आणि मिठाया त्यांनी बंद केल्या, आणि जो बेचव पालक नकोसा होता तोच आवडू लागला. चवीचे खरे ठिकाण जिभेपेक्षा मनात आहे, असा निष्कर्ष त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. खर्च कमी करण्यासाठी एक खोली घेऊन ते सकाळची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. चहा-कॉफीची जागाही कोकोने घेतली.

वचनाचा अर्थ लावण्याची वेळ अंड्यांवरून आली. इंग्लंडमध्ये मांस या शब्दाच्या तीन व्याख्या चालत होत्या. एकीत फक्त पशुपक्ष्यांचे मांस निषिद्ध होते, दुसरीत मासेही आणि तिसरीत अंडीसुद्धा. पहिली सोयीची होती. पण वचन ज्या आईला दिले तिच्या मनात मांस म्हणजे काय, तीच व्याख्या बंधनकारक, असे गांधींनी ठरवले. त्यामुळे शाकाहारी खानावळीतही प्रत्येक पुडिंगची आणि केकची चौकशी करणे आले.

पिण्याची गोष्ट वेगळीच. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षांबरोबर प्रत्येक सत्रात ठराविक जेवणांना हजर राहावे लागे. चौघांच्या गटाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्याने त्यांचा वाटा उरलेल्या तिघांचा होई, म्हणून आपल्या गटात ते असावेत यासाठी सोबत्यांत चुरस असे. गांधी तिथे बहुधा पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी खात.

गांधींना लंडनमध्ये आयती संस्था मिळाली, हे लक्षात घ्या. शाकाहारी मंडळी, त्यांची खानावळ, त्यांचे साप्ताहिक हे सर्व तिथे आधीपासून होते. ते त्या मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले आणि त्यांच्या साप्ताहिकात भारतीय अन्नाबद्दल लिहू लागले. घरून आणलेला नियम त्यांना परक्या समाजाचे दार उघडून देणारा ठरला.

वाँटेज : नियम कोणाचा?

रमाबाई १८८३ मध्ये मुलगी मनोरमेसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मायदेशीच्या जातीला उत्तर देण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता संपला होता. तरीही त्यांनी मांस, मासे आणि अंडी खाल्ली नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसे. रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला त्रास न देणारे आपले रिवाज तिने सोडले नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले चालेल का, असा त्यांचा सवाल होता.

इथे प्रश्न उपासमारीचा नव्हता, अधिकाराचा होता. नवा धर्म स्वीकारला म्हणून यजमानांचे ताटही स्वीकारलेच पाहिजे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू करताना त्यांनी तेथील विधवांना आपापल्या जातीचे खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची मोकळीक ठेवली. वाँटेजला जे स्वतःसाठी मागितले, ते त्यांनी आपल्या संस्थेत दुसऱ्यांना दिले.

फिलाडेल्फिया : वचनाची किंमत

आनंदीबाई जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांना मायेचे माणूस मिळाले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयात प्रवेश घेतला. आता कडक थंडी, परके अन्न आणि अभ्यासाचा ताण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्या शाकाहार पाळत राहिल्या. पोशाखात मात्र त्यांना थोडी वाट काढावी लागली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून पाय झाकणाऱ्या गुजराती पद्धतीने त्या साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, नेसण बदलली. वचनाचे शब्द आणि थंडीची गरज यांच्यामधली ही तडजोड होती.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला रमाबाई खास इंग्लंडहून गेल्या होत्या. पण तोवर आनंदीबाईंची प्रकृती ढासळली होती. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवले होते, उपाय मात्र नव्हता. मायदेशी परतून, कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हाती असताना, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आहारामुळे त्या गेल्या, असे म्हणणे चूक ठरेल. क्षय हा संसर्गजन्य रोग आहे आणि त्या काळी तो उत्तम जेवणाऱ्यांनाही होई. पण आधीच नाजूक असलेल्या शरीराला थंडीने आणि अपुऱ्या, अनोळखी अन्नाने आणखी दुबळे केले, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. गांधींप्रमाणे मैलोगणती फिरून खानावळ शोधण्याची मोकळीक एकट्या परदेशी तरुणीला कितपत होती, हेही विचारात घ्यायला हवे.

सारांश

तिघांचा नियम जवळपास एकच होता. फरक पडला तो तीन गोष्टींमुळे. पहिली, नियमाला साथ देणारी माणसे आणि जागा जवळ होत्या की नव्हत्या. दुसरी, नियमाचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाकडे होता. गांधींनी तो आईच्या मनाप्रमाणे लावला, रमाबाईंनी स्वतःच्या मनाप्रमाणे, तर आनंदीबाईंनी आपला शब्द आधीच भर सभेत दिला होता, त्यामुळे माघारीला जागा थोडी उरली. तिसरी, शरीर किती सोसू शकत होते.

परतीची नोंदही महत्त्वाची आहे. गांधींनी लंडनमध्ये तिन्ही वर्षे वचन पाळले. तरी १८९१ मध्ये परतल्यावर भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातीला जेवण दिले. तरीही जातीतल्या एका गटाने त्यांना शेवटपर्यंत परत घेतले नाही. ताटात काय होते यापेक्षा ते कोणाच्या नजरेखाली जेवले गेले, हेच मायदेशी अधिक मोजले जात होते.

विचारासाठी प्रश्न

१. वचनाचा अर्थ देणाऱ्याने ठरवावा की घेणाऱ्याने? गांधींच्या अंड्यांच्या उदाहरणावरून चर्चा करा.
२. रमाबाईंच्या शाकाहाराला जातीचा अभिमान म्हणणे कितपत योग्य आहे?
३. आपल्या कुटुंबातील किंवा गावातील परगावी शिकायला गेलेल्या एखाद्या व्यक्तीला जेवणाबद्दल विचारा. तिने काय सोडले, काय धरून ठेवले आणि का, हे लिहून काढा.