बिंबाणुरोधी औषधे

रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) एकमेकांस चिकटून रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून देण्यात येणारी औषधे. हृदयाच्या रोहिणीत गुठळी झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो, तर मेंदूच्या रोहिणीत अडकल्यास पक्षाघात होतो. जखमेतील रक्तस्राव थांबविण्याचे कार्यही बिंबाणूच करतात. त्यामुळे या औषधांचे गुण व दोष एकाच क्रियेतून उद्‌भवतात.

एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये वाळुंजाच्या सालीचा ज्वरावरील उपयोग रॉयल सोसायटीस कळविला. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स होफमान यांनी ॲस्पिरीन शुद्ध स्वरूपात तयार केले. पुढील सुमारे अर्धशतक ते वेदनाशामक म्हणूनच परिचित होते. टॉन्सिल काढल्यावर ॲस्पिरीनयुक्त च्युइंगगम चघळणाऱ्या रुग्णांत रक्तस्राव वाढतो, असे लॉरेन्स क्रेव्हन या अमेरिकन डॉक्टरांना आढळले. त्यावरून ते हृदयविकारास प्रतिबंधक ठरेल, असे त्यांनी १९५० मध्ये सुचविले. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनाची क्रिया उलगडून दाखविली. त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बिंबाणूंना केंद्रक नसल्याने ॲस्पिरिनाने निकामी झालेले एंझाइम ते पुन्हा तयार करू शकत नाहीत. म्हणून ७५–१५० मिग्रॅ. इतकी अल्प दैनिक मात्राही पुरते.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलेल्या ॲस्पिरिनाने मृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचे सिद्ध झाले. यानंतर निरोगी माणसेही ते नित्य घेऊ लागली. परंतु २०१८ मधील मोठ्या चाचण्यांत अशा व्यक्तींना होणारा लाभ रक्तस्रावाच्या धोक्यापुढे फारसा उरत नाही, असे दिसले. झटका वा पक्षाघात होऊन गेलेल्यांना मात्र त्याचा लाभ निश्चित आहे. पक्षाघात मेंदूतील रक्तस्रावानेही होत असल्याने क्ष-किरण संगणकीय छायाचित्रणापूर्वी हे औषध देणे घातक ठरू शकते.

रोहिणीत जाळी (स्टेंट) बसविल्यावर ॲस्पिरिनासोबत क्लोपिडोग्रेलासारखे दुसरे औषध सामान्यतः ६ ते १२ महिने देतात. ते मध्येच बंद केल्यास जाळीत गुठळी होऊन प्राणावर बेतते. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये जाळीच्या किंमतीवर शासकीय मर्यादा आली. तथापि जाळीचे यश पुढे गोळीच्या सातत्यावरच अवलंबून असते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या केंद्रात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. तेथील पुष्कळ कामगार परप्रांतीय असून बारा-बारा तासांच्या पाळ्यांत काम करतात. गावी जाताना पुरेशा गोळ्या जवळ असणे, रमझानच्या उपवासात गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरविणे व अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामके न घेणे आवश्यक असते. आयबुप्रोफेनासारख्या वेदनाशामकांनी जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढतो व ॲस्पिरिनाची क्रियाही मंदावू शकते. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी किंवा अकस्मात तीव्र डोकेदुखी ही धोक्याची लक्षणे असून त्यांवर तत्काळ उपचार करावे लागतात. दात काढणे वा शस्त्रक्रिया यांपूर्वीही औषध स्वतः न थांबविता ते चालू असल्याचे डॉक्टरांना सांगणे हितावह असते.