चव्वेचाळीस हजार शंभर

२००५ साली आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा बाबांच्या भजनाची जुनी कॅसेट त्यात उतरवून घ्यायला मी बसलो. आवाजाचा दर किती ठेवू, असं प्रोग्रॅमने विचारलं आणि चार-पाच आकडे पुढे केले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. डिस्कवर जागा वाचावी म्हणून सगळ्यात लहान आकडा निवडला, ८०००. बाबा गायला लागले, पखवाज वाजला, पण टाळांची नुसती खटखट. किणकिण गायब!

असं का झालं, ते फार उशिरा वाचलं. आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची लाट. यंत्र त्या लाटेची उंची ठराविक अंतराने मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं, एवढंच. सेकंदाला किती वेळा मोजायचं, हा खरा प्रश्न. नायक्विस्टने १९२८ मध्ये त्याचा पाया घातला, शॅननने १९४९ मध्ये नियम नीट मांडला: जो सर्वांत उंच स्वर हवा, त्याच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजा. कमी मोजलंत तर उंच स्वर खोटा खालचा स्वर होऊन परत येतो. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसाच प्रकार. म्हणून मोजण्याआधीच वरचे स्वर गाळून टाकतात. ८००० म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि टाळांची किणकिण तर तिथेच वर राहते.

मग ८००० हा आकडा ठेवलाच कशाला? तो टेलिफोनचा. आवाज आकड्यांत पाठवण्याची कल्पना १९३७ मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्हज या इंग्रज टेलिफोन इंजिनियराला सुचली होती. फोनवर ३४०० हर्ट्झपर्यंत ऐकू आलं तरी माणूस ओळखता येतो. फोनवर टाळ कोण वाजवणार!

सीडीचा ४४,१०० हा आकडा तर चक्क टीव्हीकडून आला. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे ४०,००० च्या थोडं वर पुरे. पण एवढे आकडे साठवणार कुठे? १९७० च्या दशकात जपानी इंजिनियरांना ती सोय व्हिडिओ टेपमध्ये दिसली. चित्राच्या जागी आकडे भरायचे. एका ओळीत ३ मोजमापं, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहा. युरोपातल्या पद्धतीत ओळी २९४ आणि फील्ड ५०, तरी उत्तर तेच! १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. प्रत्येक मोजमाप १४ बिटांत लिहावं असं फिलिप्सचं म्हणणं होतं. सोनीने १६ चा हट्ट धरला आणि तो चालला. म्हणजे लाटेची उंची ६५,५३६ पायऱ्यांवर मोजायची. हट्ट योग्यच होता असं मला वाटतं.

या हिशेबाने स्टीरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. माझी अर्ध्या तासाची फाइल १४ एमबीची आहे.

पुन्हा उतरवून घेऊ म्हणून २००९ च्या पावसाळ्यानंतर कॅसेट बाहेर काढली, तर फितीला बुरशी. लावली आणि दोन मिनिटांत फीत आत गुंडाळली गेली. मोजलेच नाहीत ते आकडे आता कुठून आणणार?

आईला मात्र त्या फाइलमध्ये काहीच कमी वाटत नाही. टाळ कोणाच्या हातात होते, तेही ती सांगते.