शब्दांची दरी
शब्दांची दरी : संपन्न व गरीब घरांतील मुलांना शाळेत जाण्यापूर्वी ऐकायला मिळणाऱ्या बोलण्यातील तफावत. अमेरिकेतील बेटी हार्ट व टॉड रिझली यांच्या अभ्यासामुळे ही कल्पना जगभर पोहोचली. कॅन्सस सिटीच्या एका गरीब वस्तीतील बालवाडीत त्यांनी १९६०च्या दशकात शब्दसंग्रह वाढवण्याचे प्रयोग केले. मुले नवे शब्द शिकली, पण ती गती टिकेना. कारण शोधत दोघे मुलांच्या घरी पोहोचले.

४२ कुटुंबांत मूल साधारण नऊ महिन्यांचे झाल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत, दर महिन्याला तासभर बोलणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. निष्कर्ष १९९५ मध्ये ग्रंथरूपाने आले. उच्चशिक्षित नोकरदारांच्या घरी मुलाला उद्देशून तासाला सरासरी २,१५३ शब्द बोलले जात. श्रमिकांच्या घरी १,२५१ आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या घरी ६१६. पहिल्या गटातील मूल तासाला सुमारे ३२ वेळा कौतुक ऐके नि ५ वेळा मनाई. शेवटच्या गटात कौतुक ५, मनाई ११. यावरून चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्दांचा फरक पडतो, असे गणित मांडले गेले.

हा आकडा मोजलेला नव्हे, गुणाकाराने काढलेला आहे, आणि गाजला तोच. मदतीवरची कुटुंबे अवघी सहा होती, तीही सर्व कृष्णवर्णीय. परका माणूस नोंदी घेत समोर बसला असता दडपण कोणाच्या घरात अधिक येईल, हे सांगायला नको. आजी, भावंडे, शेजारी यांचे आपसातले बोलणे हिशेबात नव्हते. डग्लस स्पेरी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाच वस्त्यांतील नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच आर्थिक थरातील घराघरांतही मोठा फरक आढळला. आसपासचे बोलणे धरल्यावर काही गरीब वस्त्यांतील मुले भरपूर शब्द ऐकत होती. मात्र केवळ कानावर पडलेल्या शब्दांतून लहान मूल कितपत शिकते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

या वादात आईबापांवर, विशेषतः आईवर, अबोलपणाचा ठपका सहज बसला. पाळ्यांची कामे, अपुरी मजुरी, दाटीची घरे यांनी तिचा वेळ किती खाल्ला, याची चर्चा फार थोडी झाली. हा मोठा अन्याय होय. तरी ही दरी बुजवण्याचे प्रयत्न घरांवरच केंद्रित राहिले : अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहराने २०१४ पासून घरांना शब्द मोजणारी छोटी यंत्रे दिली.

शब्दसंख्येपलीकडे संवादाकडे पाहणाऱ्या, रेचल रोमिओ व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचे मेंदूचित्रण झाले. मोठ्यांशी आळीपाळीने संवाद अधिक करणाऱ्या मुलांत गोष्ट ऐकताना मेंदूतील ब्रोका हा भाषेशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसला. कुटुंबाचे उत्पन्न आणि मोठ्यांची शब्दसंख्या हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.