विसराळू सर्व्हरचा फायदा

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरायची सोय, आणली तेव्हा एक अजब निर्णय घेतला: कोणत्या क्लायंटने कोणती फाइल उघडलीय हे सर्व्हरने लक्षातच ठेवायचं नाही. कुठली फाइल, कुठून, किती बाइट, सगळं प्रत्येक विनंतीतच यायचं. आणि लिहिलेलं डिस्कवर गेल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. सर्व्हर बंद पडला तर क्लायंट तीच विनंती परत परत पाठवत बसतो.

मग उत्तर देणारं मशीन तेच कशाला हवं? 1991 मध्ये अनुपम भिडे (हो, भिडे!), एल्नोझाही आणि मॉर्गन यांनी आयबीएमच्या मशीनवर नेमकं हेच साधलं. दोन सर्व्हर, डिस्क दोघांनाही जोडलेल्या. एक मेला की दुसरा त्याच्या डिस्क आणि त्याचा आयपी पत्ता, दोन्ही ताब्यात घेतो. क्लायंटला थोडा वेळ अडकल्यासारखं वाटतं, इतकंच. आजच्या क्लस्टरचा सांगाडा मला तरी हाच दिसतो.

घोडं अडलं ते लॉकपाशी. फाइल कोणी अडवून ठेवलीय हे विसरून कसं चालेल? ते काम वेगळ्या प्रोटोकॉलवर ढकललेलं होतं. सर्व्हर बदलताना तिथे गडबड झाली, तर दोघे एकाच फाइलवर लिहिणार आणि डेटा खराब! शेवटी 2000 साली चौथ्या आवृत्तीने सर्व्हरला स्मरणशक्ती दिली, पण मुदतीची. लिनक्सवर नवा सर्व्हर उठला की साधारण 90 सेकंद नवे लॉक देत नाही. आधी जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत मागू देतो.