मोर, साप आणि पाटण्याचा मठ

दहावीला आपल्याकडे गणिताचे दोन पेपर. एक बीजगणिताचा, एक भूमितीचा. त्यामुळे हे दोन वेगळे प्राणी आहेत असं जे डोक्यात फिट्ट बसतं ते इंजिनिअरिंगपर्यंत काही निघत नाही. भास्कराचार्यांकडे मात्र अशी भिंत नव्हती.

लीलावतीतलं एक गणित बघा. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय. मोर तिरका झेप घेतो आणि दोघंही सारखंच अंतर कापून भेटतात. बिळापासून किती हातांवर? ते अंतर 'क्ष' धरा. सापाने कापलं २७ वजा क्ष, मोराची झेप म्हणजे कर्ण, तोही तेवढाच. पायथागोरस लावा: ८१ अधिक क्षचा वर्ग बरोबर (२७ वजा क्ष) चा वर्ग. दोन्हीकडचा क्षवर्ग उडतो, ५४ क्ष = ६४८, उत्तर १२ हात. आकृती भूमितीची, सुटका बीजगणिताने!

पायथागोरसची सिद्धताही त्यांनी दिली ती 'बीजगणित' या ग्रंथात. कर्णावरच्या चौरसात तोच त्रिकोण चार वेळा बसवा, मधे छोटा चौरस उरतो. बाजू ३ आणि ४ असतील तर चार त्रिकोणांचे २४, मधला १, एकूण २५. झालं. आणि अज्ञात संख्यांना नावं काय, तर यावत्तावत् म्हणजे 'जितकं तितकं', मग कालक, नीलक, पीतक असे रंग. लिहिताना नुसतं या, का, नी, पी. व्हेरिएबलची इतकी सुटसुटीत नावं आमच्या प्रोजेक्टमधेही कुणी देत नाही.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती येते फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट गोड आहे, पण पुरावा म्हणून मी तरी धरणार नाही.

पुरावा आहे तो आपल्या शेजारी. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, तिथून जवळच पाटणादेवी. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धांतशिरोमणि ११५० चा, आणि हा लेख शके ११२८ चा, म्हणजे सुमारे १२०७. त्यांचा नातू चंगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद! आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण्याला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचं सांगतात. काहीजण ते विजापूर मानतात, पण सह्याद्री तिथून लांब. माझं मत पाटण्याला.

मला सगळ्यात आवडतो तो लेखाचा शेवट. वर सगळं संस्कृत, वंशावळ, स्तुती वगैरे. पण पैशाचा विषय आला की भाषा मराठी होते, बाजारातल्या माणसांना कळावं म्हणून असेल. गावात विकायला येणाऱ्या मालावर राजाला जो कर मिळायचा तो मठाला दिला, आणि चालू असलेल्या दर घाण्यामागे एकेक पळी तेल.