ट्रॅकवरच्या मोटरसायकलचे फेअरिंग : कमी खर्चात रंग की व्हिनाइल?

मोटरसायकलच्या पुढील भागावर आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना वाऱ्याचा रोध कमी करण्यासाठी जे आवरण बसविले जाते, त्यास फेअरिंग म्हणतात. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचे फेअरिंग बहुधा एबीएस प्लास्टिकचे असते. ट्रॅकवर मात्र दिव्यांच्या खाचा नसलेले, मोजक्या भागांत जोडलेले फायबरग्लासचे निराळे फेअरिंग वापरण्याची पद्धत आहे. ट्रॅकवर गाडी पडणे हा सरावाचाच एक भाग मानला जातो आणि त्यात मूळचे महागडे भाग घासले जाऊ नयेत, हा या बदलामागील हेतू. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर किंवा कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर सरावास जाणाऱ्या गोवा-बेळगावकडील हौशी चालकांपुढे प्रवासाचा खर्च आधीच असतो. कोरे फेअरिंग रंगवावे की व्हिनाइलने मढवावे, हा प्रश्न त्यांना त्यामुळेच पडतो. त्याचे उत्तर शोधताना चकाकीपेक्षा एकच कसोटी महत्त्वाची : पडल्यानंतर ते किती सहज दुरुस्त होईल?

पूर्वतयारी

रंग असो वा व्हिनाइल, निम्मे यश पूर्वतयारीत असते. प्रथम फेअरिंग गाडीवर बसवून पाहावे, आवश्यक ती भोके पाडून कडा घासून घ्याव्यात. हे काम रंगानंतर केल्यास रंगाचे टवके उडतात. साच्यातून सहज सुटावे म्हणून लावलेल्या मेणाचा अंश नव्या फायबरग्लासवर राहिलेला असतो. तो साबणाच्या पाण्याने व नंतर मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसल्याशिवाय घासकाम सुरू करू नये. अन्यथा मेण ओरखड्यांत जाऊन बसते आणि त्यावर रंग धरत नाही. त्यानंतर २४० व ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पृष्ठभाग ओला ठेवून घासावा. फायबरची कोरडी धूळ त्वचेस व श्वसनास त्रासदायक असल्याने मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. बारीक छिद्रे लांबीने भरून, पुन्हा घासून, प्रायमरचा हात द्यावा.

रंगाचा पर्याय

सर्वांत स्वस्त मार्ग स्प्रेच्या डब्याचा. एक जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. या रंगाची मर्यादा अशी की साध्या डब्यातील रंग व क्लिअर कोट पेट्रोलच्या थेंबाने विरघळतो. टाकीलगतच्या भागांवर हा दोष लगेच दिसतो.

पेट्रोलला टिकणारा क्लिअर कोट हार्डनर मिसळून मारावा लागतो. अशा बहुतेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क त्यापासून संरक्षण देत नाही. बंद गॅरेजमध्ये हा प्रयोग करून वाचविलेले पैसे फार महाग पडतात. घासणे, लांबी व प्रायमर घरी आणि शेवटचा थर स्प्रे बूथ असलेल्या रंगकाम गॅरेजमध्ये, अशी विभागणी करावी. मजुरीचा मोठा भाग पूर्वतयारीचा असल्याने खर्चही कमी होतो.

किनारपट्टीच्या पावसाळी, दमट हवेत डब्यातील रंगावर पांढुरकी झाक येते. शक्य तर हे काम कोरड्या दिवसांत उरकावे.

व्हिनाइलचा पर्याय

रेडियमच्या दुकानात मिळणारे स्वस्त व्हिनाइल बहुधा कॅलेंडर पद्धतीने बनविलेले असते. सपाट भागासाठी, आकड्यांसाठी ते उत्तम. पण दुहेरी वळणावर ताणून बसविल्यास ते पुढे आकसते व कडा सुटतात. वळणदार फेअरिंगसाठी कास्ट व्हिनाइल लागते. ते पातळ व लवचिक असते, किंमतही जास्त असते. खडबडीत फायबरग्लासवर व्हिनाइल नीट चिकटत नाही आणि खालचा प्रत्येक खड्डा वरून दिसतो. म्हणजे प्रायमरपर्यंतची मेहनत येथेही टळत नाही. बसविताना हीट गनची उष्णता बेताने द्यावी, कडा आतल्या बाजूस दुमडाव्यात, सायलेन्सरलगत व्हिनाइल लावू नये.

व्हिनाइलचा खरा लाभ गुळगुळीत, आधीच रंगविलेल्या भागांवर मिळतो. घासलेल्या पॅनेलचाच तुकडा बदलता येतो. मात्र व्हिनाइलखाली भेग झाकली जाते. गाडी पडल्यानंतर त्या भागावरील व्हिनाइल काढून फायबर तपासल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर उतरू नये.

तडजोड नको असा भाग

इंजिनाखालचे फेअरिंग शोभेसाठी नसते. इंजिन फुटल्यास सांडणारे तेल व कूलंट ते धरून ठेवते. हे द्रव ट्रॅकवर सांडले तर मागून येणाऱ्या चालकाच्या जिवावर बेतते. म्हणूनच एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या रोड रेसिंग नियमांत, इंजिनातील एकूण तेल व कूलंटच्या किमान निम्मा द्रव या भागात मावला पाहिजे, अशी अट आहे. पावसाचे पाणी जाण्यासाठी ठेवलेली २५ मिलिमीटर व्यासाची भोकेही कोरड्या हवामानात बंद ठेवावी लागतात. या भागातील भेग टेपने किंवा व्हिनाइलने झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आतून फायबर मॅट व रेझिनचा थर देऊनच ती बुजवावी.

रस्त्यावरील नियम

हीच गाडी रस्त्यावरही चालविणाऱ्यांनी मूळ फेअरिंग न रंगविता जपून ठेवावे. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीच्या रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार त्या नोंदीशी विसंगत बदल परस्पर करता येत नाही. दिवे नसलेले ट्रॅकचे फेअरिंग लावून सार्वजनिक रस्त्यावर जाणे तर नियमबाह्यच ठरते.

निवड कशी करावी?

वारंवार पडणाऱ्या नवशिक्या चालकासाठी एकाच साध्या रंगाचे फेअरिंग आणि त्यावर स्वस्त व्हिनाइलचे आकडे, ही जोडी सर्वांत किफायतशीर ठरते. रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा व एक डबा शिल्लक ठेवावा. पुढची दुरुस्ती एका दिवसात होते. आकडे मात्र ठळक व पार्श्वभूमीच्या विरुद्ध रंगाचे असावेत, कारण ते दुरून वाचता येणे नक्षीपेक्षा गरजेचे असते.